हलकं स्टेअरिंग

गाडीचं स्टेअरिंग जड झालं की ड्रायव्हरच्या आधी त्याच्या खांद्याला कळतं. माझ्या उजव्या खांद्याला कळलं, आणि तो खांदा आधीच कामातून गेलेला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जळगावच्या डाळ मिलमधून पोती भरायची आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या व्यापाऱ्यांना पोचवायची, हा माझा धंदा. क्लीनर ठेवत नाही. ठेवला तरी टिकत नाही. माझा स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक अगदीच खोटं बोलतात असं नाही.

माझी सहाचाकी जुनी होती. धरणगावजवळच्या एका खेड्यातला जीवराम नावाचा ड्रायव्हर वारला, तेव्हा त्याच्या बायकोकडून मी ती घेतली. जीवराम घरात, झोपेत गेला होता. गाडीला कसला अपघात नाही, कसला डाग नाही, याची चौकशी करूनच घेतली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण पुढे विकायची वेळ आली तर घेणारा विचारतोच.

गाडीत दोष एकच निघाला. कंपनीने त्या काळी मोजक्या गाड्यांत एक जादा शहाणपणा केला होता. त्यांचं पावर स्टेअरिंग वेगाप्रमाणे आपला जोर बदलायचं. गाडी हळू चालली की हलकं, म्हणजे बाजारात, गोदामात वळवायला सोपं. गाडी पळायला लागली की आपोआप घट्ट, म्हणजे हायवेला हात चळला तरी गाडी चळू नये. कल्पना चांगली होती. पण वेग ओळखणारा सेन्सर आणि ऑइलचा दाब कमीजास्त करणारा वाल्व, दोघेही म्हातारे झाले आणि उलटे वागू लागले. गोदामाच्या दारात स्टेअरिंग हलेना. आणि मुकटी गावाच्या पुढे भरधाव असताना ते एकदम इतकं हलकं झालं की गाडी दुभाजकाला घासता घासता वाचली.

धुळ्यात पारोळा रोडला हनीफचं गॅरेज आहे. हनीफ माझ्या वयाचा. आमची दोस्ती म्हणजे तो गाडीखाली असतो आणि मी स्टुलावर बसून त्याला शिव्या देतो.

"योगराजभाऊ, हा वाल्व आता ऊपरवाल्याच्या दुकानातच मिळेल," तो खालून म्हणाला. "कंपनीने बनवणं बंद केलं. अख्खा स्टेरिंग बॉक्स दुसरा टाकायचा, नाहीतर सगळं बायपास."

"बायपास म्हणजे?"

"पंप काढून टाकतो. पट्टा काढतो. बॉक्सची दोन्ही तोंडं एका होज पाइपने आपसात जोडून देतो. प्रेशर खतम. मग साधं स्टेरिंग, आपल्या जवानीतल्या गाड्यांसारखं." तो बाहेर आला, हात पुसत माझ्या खांद्याकडे बघून म्हणाला, "जड जाईल पण. पावर स्टेरिंगमध्ये तुम्ही फक्त सांगता कुठे वळायचं. वळवणारा दुसरा असतो. आता सांगणारेपण तुम्ही, वळवणारेपण तुम्ही."

दुसरा बॉक्स म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, कर बायपास.

त्या संध्याकाळी सुरतेहून मुलीचा, ज्योत्स्नाचा फोन आला. ती रोज करते. दिपमाला, म्हणजे तिची आई, गेल्यापासून एकही दिवस चुकवलेला नाही. "बाबा, विका ना ती गाडी," ती म्हणाली. "इथे एक खोली रिकामीच आहे. खांदा तरी किती दिवस ओढणार?"

"ज्या दिवशी स्टेअरिंग वळणार नाही ना, त्या दिवशी येतो," मी म्हणालो. मुलीच्या सासरी खोलीत बसून टीव्ही बघायचा, हा विचारच मला सोसत नव्हता. गाडी होती तोवर मी कुणाचा पाहुणा नव्हतो. पण घरी जाऊन कुलूप उघडताना रोज वाटायचं, आत कुणीतरी असायला हवं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

बायपास केल्यावर गाडी जड झाली, हनीफ म्हणाला होता त्यापेक्षा जास्त. पळताना काही नाही, पण उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायचं म्हणजे दोन्ही पाय रोवून अंग टाकावं लागायचं. रिव्हर्स घेताना खांद्यातून कळ थेट दातात जायची. हनीफ म्हणाला, ज्याची गाडी होती त्याच्या घरी विचारा, जुने ड्रायव्हर लोक काहीही फेकत नाहीत, एखादा बॉक्स पडलेला असेल. म्हणून धरणगावला डाळ उतरवून मी जीवरामच्या गावी गेलो. भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गल्लीत लिंबाला झोका बांधलेला आणि माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, तेव्हा कुठे मला आठवलं की आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. एकट्या माणसाला सण दुसऱ्यांच्या घरांवरून कळतात.

मंजुळाबाई, जीवरामची बायको, ओसरीवर उंबऱ्याकडे डोळे लावून बसली होती. आत मातीची नवी घागर भरून ठेवलेली, तिच्या तोंडावर डांजर, म्हणजे खरबूज. चुलीपुढे निखारे काढलेले होते. मी बॉक्सचं विचारलं.

"बॉक्स-बिक्स काही नही, भाऊ. तेस्नी तो कधी बदलाच नही." तिने गाडीकडे पाहिलं. "म्हनेत, या गाडीले घरना रस्ता ठाऊक शे. वळनवर हात लावना पडस नही."

सगळेच ड्रायव्हर आपल्या गाडीबद्दल असं काहीबाही बोलतात. मी परत फिरलो, तेव्हा तिने हाक मारली.

"भाऊ, एक सांगू का? आज पितर बसाले गल्लीमाना गिरधर येनार व्हता. तो काही उना नही. पोरगा मुंबईले शे. बठ्ठा सयपाक थंडा व्हई राहिना." तिने आतल्या पाटाकडे पाहिलं. "तुम्ही बसशात का?"

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, निखाऱ्यांवर तूप आणि घास टाकून त्याला हाक मारतात, त्याला आगारी टाकणं म्हणतात. आणि त्याच्या जागी एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. मला यात वावगं काही वाटलं नाही. भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या घरातून निघवेना.

तिने आगारी टाकली. तुपाचा धूर उठला. तिने नाव घेतलं नाही, नवऱ्याचं नाव बाया घेत नाहीत, नुसतं "या, जेवाले या" म्हणाली. मी पाटावर बसलो. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोरी, कुरडई. ती वाढत गेली आणि मी खात गेलो. कुणीतरी समोर बसून "अजून घ्या" म्हणत वाढलंय, याला वर्षं झाली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते रसात मान घालून लपवले.

जेवून हात धुतले. चपला घातल्या. आणि निघताना सवयीने तोंडातून गेलं, "येतो, अक्का."

मंजुळाबाईचा हात तांब्यावर तसाच राहिला.

मौतीच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पितर म्हणून बसलेला माणूसही तसाच मुकाट्याने उठतो, मागे न बघता जातो. तो त्या वेळी स्वतःच्या तोंडाने बोलत नसतो, अशी समजूत. मलाही ते ठाऊक होतं. पण पोट भरलं होतं, मन भरलं होतं, आणि अशा घरातून माणूस दुसरं काय म्हणून निघणार?

"असं म्हनू नका, भाऊ," ती हळू म्हणाली. "आज नही."

मी हसून गाडीत चढलो. गल्ली अरुंद होती. गाडी उलटी काढायला मी पाय रोवले, दात आवळले आणि स्टेअरिंगला अंग लावलं.

ते सहज फिरलं.

इतकं सहज की मी तोल जाऊन दारावर आपटलो. वाटलं, उतार असेल, चाक मोकळ्या मातीत असेल. पण एरंडोलच्या चौकात तसंच झालं. धुळ्यात गोदामाच्या दारातही तसंच. बोट लावलं की चाक वळायचं, नवी पावर स्टेअरिंगची गाडीही वळणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी मी बोनेट उघडून स्वतः पाहिलं. पंप नव्हता. पट्टा नव्हता. दोन तोंडांना जोडलेला तो बोटभर जाड होज तेवढा होता. हनीफने वर चढून स्टेअरिंग फिरवलं तर त्याच्या कपाळावर घाम आला.

"हलकं कुठे आहे? बैलालापण हलणार नाही हे," तो म्हणाला. मी त्याच्या जागी बसलो आणि एका हाताने फिरवून दाखवलं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "खांदा बरा झाला तुमचा. चांगलं आहे." आणि गाडीखाली शिरला. त्या दिवशी त्याने मला एकही शिवी परत दिली नाही.

मी कारणं शोधली. बॉक्समध्ये हवा, टायरमध्ये जास्त हवा, खांद्याचा व्यायाम. एकही कारण टिकलं नाही, आणि हळूहळू मी शोधायचं सोडलं. फुकटचं सुख होतं, ते कोण नाकारणार? खांद्याची कळ गेली. मी जास्त खेपा करू लागलो. रात्री कुलूप उघडताना जे वाटायचं ते गाडीत वाटेनासं झालं, म्हणून मी गाडीतच जास्त बसू लागलो. बोलूही लागलो. पारोळ्याचा खड्डा आला की "सांभाळ रे" म्हणायचो, आणि चाक आपण होऊन जरा बाजूला व्हायचं.

ज्योत्स्नाने एकदा फोनवर विचारलं, "बाबा, गाडीत कोण आहे?"

"कुणी नाही. का गं?"

"कुणीतरी खाकरलं. चांगलं आहे की, क्लीनर ठेवलात. नाव काय त्याचं?"

मी म्हटलं, बाहेरचा आवाज असेल. गाडी तेव्हा बंद काचांनी सावलीत उभी होती.

ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये. पावसाळा लागला तेव्हा ते हलकेपण सगळीकडे सारखं राहिलेलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं. जळगावहून धुळ्याला येताना एरंडोल आलं की चाक उजवीकडे, धरणगावच्या रस्त्याकडे लोण्यासारखं वळू बघायचं. सरळ धरून ठेवायला जोर लागायचा. धुळ्याहून जाताना हेच डावीकडे. धरणगावची बाजू हलकी, बाकी सगळ्या बाजू जड. आणि तो जडपणा रोज थोडा वाढत होता. कंपनीच्या शहाणपणाने वेग बघून जोर बदलायचा. आता वेगाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता.

माझा खांदा पुन्हा दुखू लागला. दोनदा मी हरलो. दोनदा गाडी मंजुळाबाईच्या गावच्या फाट्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे मी ब्रेकवर उभा राहून ती थांबवली आणि इंजिन बंद करून घामाने भिजत बसून राहिलो. मला भीती वाटली. आणि भीतीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे, फाट्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं.

पोळा झाल्यावर हनीफ म्हणाला, "परवा नवा ड्रायव्हर ठेवला का?"

"नाही. का?"

"गॅरेजसमोरून गेलात की दुपारी. तुम्ही क्लीनर साइडला बसले होते, दाराला डोकं टेकून. मी हात केला, तुम्ही बघितलं नाही. चालवणारा चेहरा ओळखीचा नव्हता, टोपीवाला."

मी म्हटलं, काचेवर ऊन पडलं असेल. तो हो म्हणाला. आम्ही दोघं चहा प्यालो. जीवराम टोपी घालायचा का, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतःहून ज्योत्स्नाला फोन केला आणि म्हणालो, विकतो गाडी. एक शेवटची खेप सुरतेचीच घेतो, माल उतरवतो आणि तुझ्याकडे राहतो. ती रडली. मीही रडलो. ती टीव्हीची खोली मला एकदम स्वर्गासारखी वाटू लागली.

"नक्की ना बाबा?"

"येतो," मी म्हणालो. "येतो म्हटलं ना."

विकायच्या आधी हनीफने मालेगावहून दुसऱ्या गाडीचा अख्खा बॉक्स आणला. पंप, पट्टा, सगळं साधं, वेगबिग न ओळखणारं. जुना बॉक्स त्याने काढून गॅरेजच्या कोपऱ्यात भंगारात टाकला. लोखंडाचा एक काळा गोळा, ऑइल ठिबकणारा. मी त्याला पायाने ढोसून पाहिलं. काही नव्हतं.

हनीफने गाडी फिरवून आणली. "मस्त," तो म्हणाला. "माझ्या हातात हलकं, तुमच्या हातातपण हलकं. सगळ्यांना सारखं." मीही आवारात दोन चकरा मारल्या. डावीकडे हलकं, उजवीकडे हलकं. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

सकाळी माल भरून मी हनीफचा निरोप घ्यायला थांबलो. त्याने मिठी मारली. त्याच्या गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे पारोळा, आणि समोरच्या दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळलं की धुळं ओलांडून सुरत.

मी उजवीकडे चाक वळवलं.

ते वळलं नाही.

मी पाय रोवले. अंग टाकलं. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखी कळ आली. मागून हनीफ ओरडला, "रस्ता मोकळा आहे, निघा!" मला ओरडून सांगायचं होतं की चाक वळत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हात हलवत होता, पण माझ्या खिडकीकडे बघून नाही. क्लीनरच्या खिडकीकडे बघून.

गाडी डावीकडे निघाली.

मी ब्रेकवर पाय दिला. तो पाय जड होता, आणि माझा वाटत नव्हता.

मुकटी गेलं. पारोळा गेलं. ऊन चांगलं लख्ख होतं, दोन्ही बाजूंनी कपाशी होती, माणसं बसची वाट बघत उभी होती. मी हात स्टेअरिंगवरून काढले नाहीत. काढले तर काय दिसेल, याची मला खात्री होती.

एरंडोलला चाक आपोआप वळलं. मी सांगितलंही नाही.

लिंबाचं झाड आलं. झोका केव्हाच सोडलेला, फांदीवर दोराचा घट्टा तेवढा राहिला होता. त्या अरुंद गल्लीत गाडी एका दमात शिरली, मला कधी जमलं नव्हतं तशी, आणि ओसरीसमोर थांबली.

मंजुळाबाई बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"टाईम व्हई गया आज," ती म्हणाली. "पानी काढेल शे. पाय धुई ल्या."

ती मला भाऊ म्हणाली नाही. मग तिने माझ्या डावीकडे, क्लीनरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि पाहुण्याकडे बघून हसतात तसं हसली. "आनि भाऊलेबी जेवाले बलावा."

फोन वाजला. ज्योत्स्ना होती. माझा जीव त्या आवाजावर धावला.

"हॅलो, बेटा!"

"हां, नमस्कार काका," ती म्हणाली. "बाबा आहेत ना तुमच्याबरोबर? सकाळपासून वाट बघतेय."

"ज्योत्स्ना, मीच बोलतोय. मी, बाबा."

मग अनोळखी माणसाशी बोलताना ठेवतात तेवढा आदर ठेवून म्हणाली, "काका, जरा बाबांना द्या ना फोन."

माझा हात डावीकडे गेला. मी फोन त्या रिकाम्या सीटसमोर धरला. सण नव्हता, तरी घरातून निखाऱ्यावर जळणाऱ्या तुपाचा वास येत होता.

"हां बाबा," ज्योत्स्ना म्हणाली, "आता आला तुमचा आवाज."